वायांगमधला युधिष्ठिर आणि केलांतानमधली बंदी: संस्कृतीला आडवा येतो तो धर्म की सरकार?

उंबरठा

"इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे" हा फॉरवर्ड दर भाद्रपदात उगवतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केजरीवालांनीही तोच दाखला देऊन आपल्या नोटेवर लक्ष्मी-गणपती मागितले होते. आधी तो निकालात काढू. १९९८ ची वीस हजार रुपियाची नोट होती ती. की हाजर देवांतारा या शिक्षणतज्ज्ञाच्या चित्रासोबत विद्येची खूण म्हणून गणपती होता, आणि २००८ अखेर ती नोट बाद झाली. मला खुपतं ते फॉरवर्डच्या पोटातलं गृहीतक: 'ते नावाचे मुसलमान, आतून आपलेच.' गंमत म्हणजे तिथले कर्मठही हेच म्हणतात, फक्त कौतुकाने नाही, नाक मुरडून.

वायांग घ्या. म्हशीच्या कातड्याच्या बाहुल्या, पडदा, मागे दिवा. दालांग म्हणजे सूत्रधार एकटा रात्रभर सगळी पात्रं बोलतो. कथा महाभारताची. पण जावातल्या युधिष्ठिराकडे 'कलिमासादा' नावाची एक दैवी वस्तू असते, आणि तिच्यावरची दंतकथा अशी: युद्ध संपलं, भाऊ गेले, पण युधिष्ठिराला मरण येईना. कलिमासादावरचा मजकूर कोणी वाचून दाखवेल तेव्हाच त्याची सुटका होणार होती. युगं गेली. शेवटी रानात त्याला सुनान कालिजागा भेटले. जावात इस्लाम रुजवणाऱ्या नऊ वलींपैकी हे एक. त्यांनी मजकूर वाचला, तो निघाला कलिमा-ए-शहादत, म्हणजे इस्लाम स्वीकारताना म्हणायचं श्रद्धावाक्य. युधिष्ठिराने तो म्हटला आणि सुखाने डोळे मिटले.

ही कथा रचणारा माणूस 'आतून हिंदू' नाही. तो पक्का मुसलमान आहे आणि महाभारत त्याच्या घरचं आहे. १९९५ मध्ये इंडोनेशियाने स्वतः बनवलेलं एन-२५० विमान उडालं, त्याचं नाव घटोत्कच. ते बनवून घेणारे हबीबी त्याच वेळी देशातल्या मुस्लिम बुद्धिजीवींच्या संघटनेचे अध्यक्ष होते.

आता मलेशियाचं केलांतान राज्य. १९९० पासून तिथे 'पास' या इस्लामी पक्षाचं सरकार आहे. आल्या आल्या त्यांनी वायांग आणि 'मक योंग' हे नृत्यनाट्य दोन्हींवर बंदी घातली. कुराण तेच, मझहब म्हणजे धर्मशास्त्राचा पंथही तोच, शाफई. मग फरक कुठे? माझं म्हणणं, फरक सरकारने धर्माची व्याख्या हातात घेण्यात आहे. मलेशियाच्या घटनेचं कलम १६० सांगतं की मलय म्हणजे इस्लाम मानणारा, मलय बोलणारा, मलय रूढी पाळणारा. इंडोनेशियात 'मुसलमानांना शरियत बंधनकारक' असा अर्थ असलेले सात शब्द घटनेच्या मसुद्यात होते. १८ ऑगस्ट १९४५ ला, स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, स्वातंत्र्यचळवळीतले नेते हट्टा यांनी पुढाकार घेऊन ते गाळून घेतले. ते सात शब्द गाळले म्हणून वायांग वाचला असं मी म्हणेन. हाणा आता.

निर्भीड नाना

एवढं फिरवून शेवटी महाभारतावरच आलात ना? मूळ आपलंच. वर कितीही रंग लावा.

उंबरठा

नाना, मलय भाषेतल्या जुन्या रामकथेत रावण तप करत असतो तेव्हा त्याला कोण भेटतं माहीत आहे? नबी आदम. आदम अल्लाहकडे रदबदली करतात आणि न्यायाने वागण्याच्या अटीवर रावणाला राज्य मिळवून देतात. ही पोथी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच ऑक्सफर्डला पोचली होती. आता यातलं 'मूळ' वेगळं काढून दाखवा, मी चहा पाजतो.

तिरफळ

विषय छान, निष्कर्षाशी साफ असहमत.

सुमात्राच्या उत्तर टोकाची आचे सल्तनत, १६३७. सुरतेजवळच्या रांदेरचे नुरुद्दीन अर-रानिरी सुलतान इस्कंदर सानीच्या दरबारात आले. त्यांनी हमजा फन्सुरींच्या पंथाला पाखंडी ठरवलं. हमजा म्हणजे मलय भाषेतले पहिले मोठे कवी. ते तोवर वारले होते, म्हणून त्यांची पुस्तकं जाळली. मशिदीसमोर. अनुयायांची डोकी उडवली. कुठलं कलम १६० होतं हो तेव्हा? माणूस आला, मत घेऊन आला आणि मलय साहित्याची होळी केली. सरकार-सरकार करून धर्माला क्लीन चिट देऊ नका.

उंबरठा

तिरफळ, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतंय. रानिरींमागे सुलतान होता तोवर पुस्तकं जळली. १६४१ ला तो मेला, त्याची बेगम सफियातुद्दीन गादीवर बसली, दुसरा एक आलिम आला, वाद झाला, राणीने रानिरींची बाजू उचलली नाही. १६४४ ला स्वारी रांदेरला परत. माणूस तोच, मत तेच. दरबार फिरला आणि फतव्यातली हवा गेली.

तिरफळ

आणि त्यानंतर? आचेवर ओळीने चार राण्यांनी राज्य केलं. १६९९ ला शेवटचीला उतरवलं तेव्हा बाईने राज्य करणं धर्माला मंजूर नाही असं मक्केहून पत्र आल्याचा आधार घेतला गेला. दरबार धर्माला वापरतो तसा धर्मही दरबार हलवतो. तुम्ही एकच टोक धरून बसलाय.

भिकबाळी

सुरतेच्या माणसाने आचेत जाऊन पुस्तकं जाळली आणि आपण पुण्यात बसून भांडतोय. चालू द्या.

अर्धविराम

'फरक सरकारने धर्माची व्याख्या हातात घेण्यात आहे' हे वाक्य वाचून थबकले. उंबरठा, तिथल्या ओळखपत्रावर धर्माचा रकाना असतो आणि त्यात मान्यताप्राप्त सहांपैकी एक लिहावा लागे. जावातले जे लोक स्वतःला कुठल्याच चौकटीत बसवत नाहीत, जुन्या श्रद्धा पाळतात, त्यांना तो रकाना रिकामा सोडावा लागे. घटना न्यायालयाने त्यांची नोंद करायला सांगितली ती २०१७ मध्ये. धर्मनिंदेचा कायदा १९६५ चा, पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंचा, म्हणजे ज्यांनी पंचशील (इंडोनेशियाची पाच राष्ट्रीय तत्त्वं) मांडलं त्यांचाच. सात शब्द गाळले हे खरं, पण मागच्या दाराने बरंच आत आलं.

आणि साहित्याबद्दल कोणी बोलतच नाहीये, म्हणून मी बोलते.

पश्चिम सुमात्राच्या ए. ए. नाविस यांची एक गोष्ट १९५६ च्या संग्रहात आहे. हाजी सालेह नावाचा माणूस आयुष्यभर नमाज पढतो, नामस्मरण करतो, आणि मेल्यावर त्याला नरकात पाठवतात. तो तिथल्या इतर धार्मिकांना गोळा करून देवाकडे मोर्चा नेतो. अक्षरशः मोर्चा! देव म्हणतो, तुम्हाला एवढा सुपीक देश दिला, तो दुसऱ्यांनी लुटला, पोरंबाळं उपाशी राहिली आणि तुम्ही माझी स्तुती करत बसलात, कारण त्यात कष्ट नव्हते. धर्मनिष्ठ मिनांगकबाऊ प्रदेशात वाढलेला लेखक हे लिहितो आणि ती गोष्ट शाळेत शिकवली जाते.

१९६८ मध्ये 'सास्त्रा' मासिकात एक कथा आली. पैगंबर स्वर्गातून जकार्ताची दशा बघायला येतात, रोख सगळा सुकार्नोंच्या राजवटीवर. गदारोळ झाला. लेखक टोपणनावाने लिहीत होता. संपादक एच. बी. यासिन यांनी त्याचं खरं नाव सांगायला नकार दिला, आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः उभे राहिले आणि एक वर्षाची स्थगित शिक्षा घेतली. स्वतः नमाजी माणूस, पुढे त्यांनी कुराणाचं काव्यमय भाषांतरही केलं.

१९५६ ला देवाशी भांडलेलं चालतं, १९६८ ला चालत नाही. पैगंबर पात्र म्हणून आणले, हा फरक मोठा आहेच. पण मधे १९६५ ही आहे. लष्कराने आणि त्याच्या जोडीने धार्मिक युवक संघटनांनी कम्युनिस्ट म्हणून किमान पाच लाख माणसं मारली. आज ज्यांच्या सहिष्णुतेचे गोडवे गातो त्या नहदलातुल उलेमा या मोठ्या मुस्लिम संघटनेची युवक शाखा त्यात पुढे होती. त्यानंतर 'धर्म नसणं' म्हणजे कम्युनिस्ट असणं झालं. रकाना रिकामा ठेवायची हिंमत कोण करणार?

क्लांग व्हॅली

बरीच वर्षं क्वालालंपूरजवळ राहतो. कलम १६० चा जाच खोटा नाही. इथे मुसलमानाशी लग्न करायचं तर धर्म बदलावाच लागतो, आणि बाहेरचा रस्ता जवळपास बंद. पण धाग्यात मलेशिया म्हणजे 'सरकारी इस्लाम विरुद्ध बिचारी संस्कृती' असं चित्र झालंय, ते अर्धवट आहे. इस्लाम इथे सरकारविरोधाचीही भाषा आहे.

शाहनोन अहमद घ्या. भातशेती करणाऱ्या गरीब मलय कुटुंबाच्या हालांवर त्यांनी लिहिलेली कादंबरी इथे अभिजात मानतात. 'राष्ट्रीय साहित्यिक' ही पदवी मिळालेली. १९९९ ला, बडतर्फ उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम तुरुंगात असताना, या गृहस्थांनी तेव्हाचे पंतप्रधान महाथीर आणि त्यांच्या पक्षावर विष्ठेचं रूपक वापरून आख्खी कादंबरी लिहिली. मंडळी हादरली. आणि त्याच वर्षी ते खासदार झाले, कुठल्या तिकिटावर? पास. केलांतानात वायांग बंद करणाराच पक्ष. आता सांगा, साहित्याचा मित्र कोण आणि शत्रू कोण?

अन्वर स्वतः इस्लामी विद्यार्थी चळवळीतून आले. १९८२ ला महाथीरांनी त्यांना पक्षात घेतलं ते पासच्या शिडातली हवा काढायला. पुढची वीस वर्षं दोन्ही पक्ष 'आम्ही जास्त मुसलमान' म्हणून एकमेकांवर चढत गेले. मुल्लांपेक्षा ही चढाओढ जास्त महागात पडली.

उंबरठा

क्लांग व्हॅली, तुमचा शेवटचा परिच्छेद म्हणजे माझा मुद्दा. बाकी शाहनोन यांचं माहीत नव्हतं, झकास.

अर्धविराम, रकान्याचं मान्य. पण तो रकाना सरकारनेच छापलाय ना? म्हणजे जिथे इंडोनेशियाचं सरकार व्याख्या करायला गेलं तिथे नुकसान झालं. मी दुसरं काय म्हणतोय?

अर्धविराम

तुम्ही असं म्हणताय की चांगलं झालं ते सरकार नव्हतं म्हणून, वाईट झालं ते सरकार होतं म्हणून. या युक्तिवादाला हरवायची सोयच नाही.

बाणकोटची खाडी

मी कोकणी मुसलमान. धाग्यात 'शाफई' शब्द आला म्हणून लिहितोय. महाराष्ट्रातले इतर बहुतेक मुसलमान हनफी, आम्ही कोकणातले शाफई. मलबारचे मापिल्ला, आचे, जावा, मलाया, मिंदानाओ, सगळीकडे शाफई. हे नातं तलवारीचं नाही, गलबतांचं आहे. तिरफळ यांनी हमजा फन्सुरींचं लिहिलं. ते इब्न अरबींच्या वहदतुल वुजूदचे, म्हणजे 'अस्तित्व एकच' मानणाऱ्यांपैकी. त्यांच्या आधी शे-दीडशे वर्षं आमच्या माहीमचे मखदूम अली माहिमी याच विचारावर अरबीत भाष्यं लिहीत होते. तिथे पुस्तकं जळली, इथे दर्गा झाला आणि उरसाला पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. सरकार आलं की संस्कृती मरते, हे उंबरठांचं सूत्र माहीम पोलीस ठाण्यात सांगून बघा.

आता तक्रार. इंडोनेशियाचं उदाहरण आपल्याकडे कधी इंडोनेशिया समजून घ्यायला देतात का? आम्हाला दाखवायला देतात. 'बघा, ते कसे रामायण करतात.' अहो, तिथल्या माणसाने वायांग केला तो कुणाला प्रमाणपत्र मिळवायला नाही. त्याच्या गावचा खेळ आहे, त्याला आवडतो, संपलं.

निर्भीड नाना

खाडीसाहेब, तुम्हाला कोणी काही म्हटलेलं नाही. उगाच अंगावर ओढून घेऊ नका.

बाणकोटची खाडी

नाना, तुमचा वरचा प्रतिसाद परत वाचा. मग बोलू.

तिरफळ

खाडीसाहेबांशी सहमत आणि मूळ भांडणाकडे परत. उंबरठा, सरकार नसताना काय होतं त्याची दोन उदाहरणं देतो.

एक, पुर्वाकार्ता, पश्चिम जावा, सप्टेंबर २०११. चौकातले सेमार, घटोत्कच वगैरे वायांगमधले पुतळे जमावाने पाडले. पुतळे उभारले होते सरकारने, म्हणजे तिथल्या जिल्हाप्रमुखाने. पाडले लोकांनी. तुमचं सूत्र इथे उलटं चालतं.

दोन, अहोक. जकार्ताचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे गव्हर्नर. सप्टेंबर २०१६ मध्ये भाषणात म्हणाले की कुराणातल्या सुरा अल-माइदाची ५१ वी आयत (मुसलमानांनी बिगर-मुसलमानाला नेता करू नये असा अर्थ काही जण लावतात ती) दाखवून लोक तुम्हाला फसवतात. डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकाभोवती लाखोंची गर्दी. एप्रिलमध्ये निवडणूक हरले, मे २०१७ मध्ये दोन वर्षांची सजा. कायदा सरकारचा, मान्य. पण रस्त्यावरची ती गर्दी सरकारने आणली नव्हती, उलट सरकार तिला टरकून होतं. इतकं की ज्या मारूफ अमीन यांच्या उलेमा परिषदेने अहोकने धर्मनिंदा केल्याचं मत दिलं, त्यांनाच अहोकचे जुने जोडीदार, राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोकोवींनी २०१९ च्या निवडणुकीत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सोबत घेतलं.

क्लांग व्हॅली

अवांतर: केलांतानने २०१९ मध्ये मक योंगवरची बंदी उठवली म्हणून बातम्या आल्या होत्या. अट एकच, प्रयोग शरियतला धरून हवा. मक योंगमध्ये राजाचं काम परंपरेने बाई करते. नाचते, गाते, सगळ्यांसमोर. शिवाय रोग्याला बरं करायचे विधी त्यात मिसळलेले. हे काढून उरलेल्याला परवानगी आहे.

उंबरठा

तिरफळ, पुर्वाकार्ताचं पुढचंही सांगा की. पुतळे उभारणारे जिल्हाप्रमुख म्हणजे देदी मुल्यादी. २०१३ ला त्याच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, आणि २०२५ पासून ते आख्ख्या पश्चिम जावाचे गव्हर्नर आहेत. जमाव म्हणजे जनता नव्हे.

तिरफळ

देदी दोनदा जिंकले, अहोक हरले. देश एक, जाव्याचं बेटही एकच, घटनाही तीच सात शब्द गाळलेली. देदी मुसलमान आहेत आणि अहोक नाहीत, हा फरक तुमच्या सूत्रात कुठे बसतो तेवढं लिहा. वायांग वाचला यावर मी वाद घालतच नाहीये.