हल्लेखोराचे घर पाडणे: सुरक्षा की सामूहिक शिक्षा?

पेठेतील वाचक (मूळ लेख)

इस्रायलने 1967 पासून ताब्यात ठेवलेल्या वेस्ट बँकेत किंवा पूर्व जेरुसलेममध्ये राहणाऱ्या एखाद्या पॅलेस्टिनी माणसाने इस्रायली नागरिकांवर प्राणघातक हल्ला केला, की काही दिवसांतच इस्रायली सैन्याचे अभियंते त्याच्या घरी येऊन भिंतींची मोजणी करून जातात. पुढे कुटुंबाला नोटीस मिळते, हरकत घेण्यासाठी थोडा अवधी मिळतो, मग सर्वोच्च न्यायालयात याचिका जाते आणि ती बहुतेक वेळा फेटाळली जाते. त्यानंतर एखाद्या रात्री ते घर स्फोटकांनी किंवा बुलडोझरने पाडले जाते. इमारतीतला एकच फ्लॅट असेल तर तेवढ्याच्या भिंती फोडल्या जातात किंवा खोलीत काँक्रीट ओतून ती कायमची बंद केली जाते. हल्लेखोर तोवर मारला गेलेला असतो किंवा तुरुंगात असतो. छप्पर जाते ते त्याच्या आईवडिलांचे, बायकोचे, लहान भावंडांचे.

या कारवाईचा आधार ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनवर राज्य करताना 1945 साली केलेल्या आणीबाणीच्या नियमांपैकी 119 वा नियम आहे. खटला न चालवता, घरातल्या इतरांवर कोणताही आरोप सिद्ध न करता, लष्करी अधिकाऱ्याच्या आदेशावर घर पाडता येते, ही त्यातली तरतूद वसाहतवादी राज्यकर्त्यांना साजेशी होती आणि लोकशाही म्हणवणाऱ्या राष्ट्राने ती आजवर जपून ठेवावी, हे मला अत्यंत क्लेशकारक वाटते. चौथ्या जिनिव्हा कराराचे 33 वे कलम स्पष्टच सांगते की कोणत्याही व्यक्तीला तिने स्वतः न केलेल्या गुन्ह्यासाठी शिक्षा करता येणार नाही.

इस्रायलच्या सैन्यालाही हे कधीतरी जाणवले होते. दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनींच्या इस्रायलविरुद्धच्या उठावाच्या काळात, 2001 ते 2005 च्या आरंभापर्यंत, बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेच्या मोजणीनुसार 664 घरे अशी पाडली गेली. त्यानंतर मेजर जनरल उदी शनी यांच्या समितीने या धोरणाचा आढावा घेतला आणि जरब बसण्यापेक्षा द्वेषच अधिक वाढतो, असे मत दिले. संरक्षणमंत्री शाउल मोफाझ यांनी 2005 मध्ये ही कारवाई थांबवली. 2014 मध्ये तीन इस्रायली मुलांचे अपहरण होऊन हत्या झाल्यावर ती पुन्हा नियमित सुरू झाली. माझे म्हणणे एवढेच आहे की जरब बसते की नाही हा प्रश्न नंतरचा आहे, आणि ती बसते असे उद्या सिद्ध झाले तरी निरपराध मुलाच्या डोक्यावरचे छप्पर हे तिचे साधन होऊ शकत नाही.

अश्दोदकर

आपला लेख मी दोनदा वाचला. माझे कुटुंब अलिबागजवळचे, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू; माझ्या लहानपणी आम्ही इथे इस्रायलमध्ये आलो आणि घरात आजही मराठी बोलतो. म्हणून हे लिहिताना मला दोन्ही बाजूंची भाषा कळते, असे समजून वाचावे.

27 मार्च 2002 रोजी नेतान्यातल्या पार्क हॉटेलात वल्हांडण या ज्यू सणाच्या जेवणाला बसलेल्या 30 जणांचा आत्मघाती हल्ल्यात बळी गेला. त्या काळात मुलांना बसने शाळेत पाठवावे का, हा प्रश्न इथल्या प्रत्येक आईला रोज सकाळी पडत होता. 14 मार्च 2004 रोजी आमच्याच अश्दोद बंदरात दोघांनी स्फोट घडवला आणि 10 कामगार मेले. ते दोघे गाझातून आले होते, आणि गाझाभोवती तेव्हाही कुंपण होतेच. ते कंटेनरमध्ये लपून आले. मरायला तयार असलेल्या माणसाला तुरुंगाचे भय नसते, फाशीचेही नसते. त्याला थांबवू शकेल अशी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे आपल्यामागे आपल्या माणसांचे काय होईल ही चिंता. मुलाचे काहीतरी चालले आहे हे ज्या वडिलांना कळते, त्यांनी त्याचा हात धरावा यासाठी ही कारवाई आहे.

दुसरी बाजूही आपण सांगायला हवी होती. हल्लेखोरांच्या आणि कैद्यांच्या कुटुंबांना वेस्ट बँकेतला काही कारभार पाहणाऱ्या पॅलेस्टिनी प्रशासनाकडून वर्षानुवर्षे मासिक भत्ता मिळत आला. अमेरिकेने 2018 मध्ये याच कारणासाठी मदत रोखणारा कायदा केला. एका हाताने हल्ल्याला बक्षीस मिळत असेल तर दुसऱ्या हाताने त्याची किंमत वसूल करणे याला मी अनैतिक म्हणणार नाही.

जरब बसत नाही हेही इतके सरळ नाही. बेनमेलेख, बेरेबी आणि क्लोर या तीन अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दंडात्मक घरपाडीनंतर आत्मघाती हल्ले लगेच कमी झाल्याचे आढळले आहे.

कायद्याची विद्यार्थिनी

अश्दोदकर, तोच अभ्यास पुढे आणखी दोन गोष्टी सांगतो: हा परिणाम अल्पकाळ टिकतो आणि लांबच्या गावांत विरत जातो; आणि जी घरे केवळ त्यांच्या जागेमुळे, कोणाच्याही कृत्याशी संबंध नसताना पाडली गेली, त्यांच्यानंतर हल्ले वाढले. म्हणजे घर पाडणे ही गोष्ट लोकांना सूडाकडे ढकलते, हे त्या आकड्यांतूनच दिसते.

माझा मुख्य आक्षेप मात्र समानतेचा आहे. जुलै 2014 मध्ये जेरुसलेममधल्या एका 16 वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला ज्यू अतिरेक्यांनी पळवून जिवंत जाळले. त्याच्या आईवडिलांनी मागणी केली की मारेकऱ्यांची घरेही पाडावीत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. ज्यू समाजात असे हल्ले विरळ आहेत आणि तिथे जरबेची तशी गरज नाही, अशी सरकारची भूमिका होती. जो नियम एकाच समाजाच्या घरांना लागू होतो त्याला सुरक्षेचा उपाय म्हणणे मला कठीण जाते.

आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे, म्हणून सांगते. 13 नोव्हेंबर 2024 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयात, आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी आरोपीचे घर पाडणे म्हणजे साऱ्या कुटुंबाला सामूहिक शिक्षा देणे होय, आणि संविधान त्याला परवानगी देत नाही, असे म्हटले.

निवृत्त अधिकारी

तुलना जपून करावी. आपल्या न्यायालयापुढे नगरपालिकांच्या परवान्यांचा प्रश्न होता, युद्धासारख्या परिस्थितीचा नव्हता. 7 ऑक्टोबर 2023 रोजी गाझातून आलेल्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसे मारली गेली आणि 251 जणांना ओलीस नेले गेले. एका दिवसात एवढे गमावलेल्या समाजाला, तेही इतक्या छोट्या देशाला, आपण सुरक्षित अंतरावरून संयम शिकवावा हे मला पटत नाही. शत्रू नागरी वस्तीत मिसळलेला असतो तेव्हा स्वच्छ हाताने लढण्याची सोय कोणत्याच सैन्याला नसते.

पेठेतील वाचक

निवृत्त अधिकारी, 7 ऑक्टोबरची क्रूरता मी कणभरही कमी लेखत नाही. तिचे समर्थन करणाऱ्याशी मी वाद घालायलाही बसणार नाही. परंतु त्या दिवशी गाझातून आलेल्यांचा आणि वेस्ट बँकेतल्या एखाद्या गावातल्या म्हाताऱ्या आईचा संबंध काय, हे आपण सांगितलेले नाही. "दुःख मोठे आहे" हे कारण पुढे करून कोणालाही शिक्षा देता येऊ लागली, तर गाझात मुले गमावलेला बापही तेच कारण पुढे करील, आणि त्याला आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

अश्दोदकर, आपल्या बंदरातल्या त्या 10 कामगारांबद्दल मला ठाऊक नव्हते. ते कळले ते बरे झाले. भत्त्याबद्दलचा आपला मुद्दाही मी मान्य करतो. हत्येनंतर कुटुंबाला पैसा मिळणे ही लाजिरवाणी व्यवस्था होती. तरीही तो भत्ता रोखणे आणि पाचवीतल्या मुलीची वह्या-पुस्तके ढिगाऱ्याखाली घालणे या दोन गोष्टी एकाच पारड्यात ठेवता येत नाहीत. आणि मला एक उदाहरण आपल्यापुढे ठेवायचे आहे. मे 2020 मध्ये वेस्ट बँकेतल्या याबाद गावात छतावरून टाकलेल्या दगडाने एका इस्रायली सैनिकाचा मृत्यू झाला. त्या हल्लेखोराचे घर पाडण्यास इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी मनाई केली, कारण तिथे राहणाऱ्या त्याच्या पत्नीला आणि आठ मुलांना त्याच्या कृत्याची कल्पना नव्हती. आपल्या देशातल्या दोन न्यायमूर्तींना जे दिसले, ते इतर प्रकरणांत का दिसू नये?

अश्दोदकर

याबादचा निकाल मला ठाऊक आहे. त्या वेळी इथे पुष्कळ लोक चिडले होते, मीही चिडले होते. त्या सैनिकाचे वडील दूरचित्रवाणीवर बोलत होते ते मी पाहिले आहे आणि त्यांच्याकडे बघून मुलांचा विचार करणे मला तेव्हा जमले नाही. आज मी इतके मान्य करते की कुटुंबाला आधी माहिती होती किंवा त्यांनी मदत केली, हे सरकारने न्यायालयात सिद्ध करावे आणि मगच घराला हात लावावा. सिद्ध करण्याचा भार आज कुटुंबावर पडतो, तो उलटा असायला हवा.

परंतु ज्या वडिलांना ठाऊक होते आणि जे गप्प राहिले, त्यांचे घर उभेच राहावे, हे मी मान्य करणार नाही. आपण त्यावरही नाहीच म्हणाल, असे मला वाटते.

पेठेतील वाचक

होय, नाहीच म्हणेन. त्या वडिलांवर खटला चालवावा, दोषी ठरले तर त्यांना तुरुंगात पाठवावे. त्यांच्या घरात त्यांची आईही राहत असेल.