परदेशातली शाळेची सहल, रिकामी दुपार आणि मोजके पैसे: तुमचे अनुभव

शाईपेन
काल माळ्यावरची जुनी पर्स झटकली तर सिंगापूरच्या मेट्रोचं कार्ड पडलं. त्याच संध्याकाळी भाचीच्या शाळेचा सहलीचा मेसेज आला. 'तिसऱ्या दिवशी दुपार मोकळी. थीम पार्क ऐच्छिक, पैसे वेगळे.' आकडा बघून वहिनीने मला फोन केला, कारण आमच्या घरात परदेशात मुलं नेऊन सांभाळून आणलेली मी एकटीच.

2016 चा मे, सिंगापूर. नाशिक जिल्ह्यातली नववी-दहावीची 22 मुलं, मी आणि पीटीचे सर. दुपारचा कार्यक्रम टूरवाल्याने परस्पर रद्द केला आणि फोन उचलणं बंद. माझ्याकडे अडीअडचणीचे म्हणून ठेवलेले 220 सिंगापूर डॉलर होते. डोई 10. तेव्हा डॉलर पन्नासच्या आसपास, म्हणजे माणशी पाचशे रुपयांत दुपार, संध्याकाळ आणि 22 पोटं.

हॉटेल लिटल इंडियात होतं हे नशीब. आधी टेक्का सेंटरला नेलं. खाली मासळीबाजार, त्याच्या वासाने अर्धी मुलं नाक धरून, पण शेजारीच खाण्याच्या टपऱ्या. दीड-दोन डॉलरात गरम पराठा आणि वाटीभर डाळ. एकाने चार खाल्ले. मग लिटल इंडियाहून बेफ्रंट, थेट गाडी, चौथं स्टेशन. गाडीत खाल्लं तर 500 डॉलरपर्यंत दंड असं मी घोकून घेतलं होतं. तरी एकीच्या गालात चिक्की! चावू नकोस, विरघळू दे, म्हटलं.

गार्डन्स बाय द बे म्हटलं की सगळे तिकीट काढतात ते काचेच्या घुमटांचं. बाहेरची बाग फुकट. तिथून उन्हात अर्धा तास चालत मरीना बॅराज. चालताना मला मिळालेल्या शिव्या मी ऐकल्या नाहीत असं दाखवलं. बॅराज म्हणजे धरणच, 2008 सालचं. समुद्राचं पाणी बाहेर अडवतं आणि आतला खाडीचा भाग गोड्या पाण्याचा तलाव होतो. छतावर भलीमोठी हिरवळ, आणि त्यावर लोक पतंग उडवतात.

आमच्यात एक येवल्याचा होता, संक्रांतीच्या पतंगांचं येवला. पुढचं ज्यांना येवला माहीत आहे त्यांना सांगायला नको. एका चिनी आजोबांनी कौतुकाने त्याच्या हातात दोर दिला. हा दोन मिनिटं गप्प, मग शेजारच्या ड्रॅगनच्या आकाराच्या पतंगाकडे बघत मला विचारतो, "मॅडम, काटू?" माझं काळीज गपकन खाली. साधी दोरी होती म्हणून निभावलं.

पावणेआठला परत बागेत, सुपरट्रीज म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांखाली सगळी उताणी पडून दिव्यांचा खेळ बघत होती. तोही फुकट. माणशी दोन-अडीच डॉलर उरले, त्याचं आइस्क्रीम.

तुम्ही कुणी अशी मुलं नेली असतील, किंवा स्वतः गेला असाल, तर लिहा. भाचीच्या शाळेला पाठवायचंय.

कडीपत्ता
मस्त धागा. भाकऱ्या टाकून येते.

भटकभवानी
काटू 😂😂 येवल्याचा पोरगा आणि दुसरं काय विचारणार

म्युनिकरिटर्न
मी नववीत असतानाची गोष्ट. पुण्याच्या शाळेतून जर्मन एक्स्चेंज, म्युनिकजवळ. होस्टच्या मुलाबरोबर दुपारी शहरात सोडायचे, खिशात 5 युरो. पहिल्या दिवशी पाण्याच्या बाटलीतच निम्मे गेले. मग कळलं की रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये घातली की 25 सेंट परत मिळतात. फांड म्हणतात त्याला. झालं. इंग्लिश गार्डनमध्ये लोक बाटल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून जातात. आम्ही चौघांनी तासाभरात 16 गोळा केल्या, 4 युरो. तिथेच एका ओढ्यावर तेव्हा लोक सर्फिंग करायचे, समुद्र नाही काही नाही, पुलाखाली एकच लाट आणि रांगेत उभी माणसं. दीड तास बघत बसलो.
होस्टच्या आईने नंतर हळूच सांगितलं, त्या बाटल्या गरजू लोकांसाठी बाहेर ठेवतात. तेव्हा लाज वाटली. माझी आई फोनवर: "जर्मनीला जाऊन भंगार गोळा केलंस?"

कडीपत्ता
आई बरोबर बोलली 😄

नागपुरीसंत्रं
आम्ही 2023 मध्ये लंडनला. 18 पोरं, मी पालक म्हणून सोबत. नॅचरल हिस्टरी म्युझियम फुकट आहे म्हणून नेलं. 25 मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा वर टांगलाय, पोरांनी पंधरा मिनिटं बघितला आणि "आता काय?" पंधरावं लागलं की पोरांचं असंच असते.
मग मी बोललो चला, बाबासाहेबांच्या घरी. 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये शिकत होते तेव्हा तिथं राहत. आपल्या महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घर घेतलं. साधं रांगेतलं घर, बाहेर निळी पाटी. प्रवेशाचे पैसे नाहीत. एका पोराने दारातूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला तर ती म्हणते, आधी बूट काढ. काढले त्याने. मग बाकीच्यांनीबी काढले, त्या गोऱ्या शेजारणीला काही समजेना.
तिथून पाच-सात मिनिटांवर प्रिमरोज हिल. टेकडीवरून सारं लंडन दिसते, लंडन आयच्या तिकिटाची गरज नाही. बस तेव्हा 1.75 पौंड आणि तासाभरात कितीही बदला, तेवढेच पैसे. घरून नेलेला चिवडा तिथं संपवला. पोरं टेकडीवरून लोळत खाली गेली, जीन्स हिरव्या. एवढंच.

शाईपेन
@नागपुरीसंत्रं हे माहीतच नव्हतं की टेकडी इतकी जवळ आहे. आजी 🙏

मामाचा_वाडा
सहलीचे सव्वा लाख घेतले आमच्याकडून आणि वर 'ऐच्छिक' म्हणून आणखी साठ डॉलर. ऐच्छिक कसलं? 30 पैकी 27 जाणार, मग उरलेल्या तिघांना कोण सांगणार की तुम्ही हॉटेलात बसा? मुलगी काही बोलली नाही. मीच भरले. राग अजून आहे.

शाईपेन
@मामाचा_वाडा नेमकं हेच वहिनी म्हणाली.

शिक्षकआहे_माफकरा
शिक्षकांच्या बाजूने सांगतो. ऐच्छिक ठेवतात कारण आधीच पॅकेजमध्ये धरलं तर सहल महाग दिसते आणि नावंच येत नाहीत. योग्य आहे असं म्हणत नाही. आम्ही आता उलट करतो: मोकळ्या दुपारी सगळ्यांना सारखेच पैसे, तेही रोख, पाकिटात, नाव घालून. चौघांचा गट, गटाने आदल्या रात्री कागदावर लिहून द्यायचं कुठे जाणार, कसं जाणार, किती लागणार. घरून आणलेले जादाचे पैसे त्या दुपारी वापरायचे नाहीत. पळवाटा निघतातच, पण बऱ्यापैकी चालतं.
आणि हॉटेलचा पत्ता तिथल्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात. फोनमध्ये नाही, खिशात. फोनची बॅटरी दुपारी चारला संपते, रील काढून.

दाभोळकरीण
दुबई! खाडी ओलांडायची आब्रा, म्हणजे लाकडी होडी, 1 दिरहम. डेरा ते बर दुबई. आमच्या मुलांनी पाच वेळा ये-जा केली, सुट्टे संपेपर्यंत. बुर्ज खलिफाला वर नेणार होते ते ऐनवेळी जमलं नाही, कुणालाही दुःख झालं नाही. मला मात्र वाटलं यात काय एवढं, आमच्याकडे दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीसकट जातात 😀 मसाल्याच्या बाजारात दुकानदाराने केशराची काडी हुंगायला दिली, पोरांनी भाव विचारला आणि हात मागे घेतला. मेट्रोत खाऊ नका, तिथेही दंड आहे.

भटकभवानी
जगात सगळीकडे दंड आहे फक्त आपल्या एसटीत शेंगांची टरफलं

कडीपत्ता
एसटीला काही बोलायचं नाही.

मेतकूट
मुलगा जपानला गेला होता, शाळेकडूनच. शाकाहारी. तिथे ज्याला भाजीचं सूप म्हणतात त्यातही माशाचं पाणी असतं, दाशी. मोकळी दुपार आली की बाकीची मुलं हॉटेलं शोधायची, हा कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या भाताचं पाकीट गरम करून घ्यायचा आणि वर मेतकूट. दोन दिवसांनी चौघे जण त्याच्याकडे मेतकूट मागायला लागले. माझं नाव तिथूनच पडलंय.
हां, विषय दुपारचा. शिंजुकूला टोकियो सरकारचं ऑफिस आहे, 45 व्या मजल्यावर, 202 मीटर उंचीवर जाऊन शहर बघता येतं, एक येनही लागत नाही. फुजी दिसेल म्हणून गेले, ढग होते.

आळसावलेला
मेतकूट विमानात चालतं का? पीठ बघून अडवत नाहीत ना? लेक ऑगस्टमध्ये जातेय.

मेतकूट
चेक-इन बॅगेत टाका, घरगुती पुडी नको, दुकानाचं सीलबंद पाकीट न्या, नाव छापलेलं. देशादेशाचे नियम बघून घ्या, ऑस्ट्रेलिया वगैरे फार कडक आहे.

आळसावलेला
आणि थेपले?

कडीपत्ता
दशम्या न्या हो. दुधात भिजवलेल्या. थेपले तर सगळेच नेतात.

शिक्षकआहे_माफकरा
धागा जेवणावर गेला. अपेक्षित होतं.

गुपचूपवाचक
पहिल्यांदाच लिहितेय. मी सहलीला गेलेली 'ती तिघं' मधली होते. सिंगापूरच. बाकीचे सगळे पार्कला गेले. बाईंनी आम्हाला बोटॅनिक गार्डनला नेलं, त्याला तिकीट नाही, फक्त आतल्या ऑर्किडच्या बागेला आहे. तिथे आम्ही गेलो नाही. तळ्यावर हंस बघितले. बाईंनी स्वतःच्या पैशाने नारळपाणी दिलं आणि दहावीनंतर काय करणार ते विचारलं, खरंच ऐकत होत्या. रात्री बाकीच्या मुली रोलर कोस्टरचं सांगत होत्या तेव्हा मी झोपल्याचं नाटक केलं. दुपार छान होती. रात्र नव्हती. दोन्ही खरं आहे.

दाभोळकरीण
❤️

मामाचा_वाडा
हे वाचून पैसे भरले ते बरंच केलं वाटतंय आणि राग डबल झालाय.

पीटीवाला
आकडे! कुणी आकड्यांबद्दल लिहिलंच नाही. प्रत्येकाला नंबर, बस-मेट्रोत चढल्यावर एक-दोन-तीन मोठ्याने म्हणायचे. टीनएजर लाजतात, म्हणायला लावायचेच. आमचा 17 नंबर एकदा आलाच नाही. सगळे गप्प. माझा घाम. तो समोरच उभा होता, हेडफोन घालून.
आणि बायकांपैकी एक शिक्षिका हवीच. मुलींना पाळी आली, पॅड हवे, दुकान कुठे, हे पुरुष शिक्षकाला विचारत नाहीत. आमच्या मॅडम एक पिशवी वेगळी घ्यायच्या, बजेटमध्ये त्याची ओळ असायची.

शाईपेन
@पीटीवाला आमच्याकडे सर आकडे म्हणायला लावायचे तेव्हा येवल्याचा मुद्दाम शेवटून सुरू करायचा.
@गुपचूपवाचक तुमची पोस्ट वहिनीला वाचून दाखवली. ती उद्या शाळेत जाऊन बोलणार आहे, पार्क नको, सगळ्यांना सारखे 15 डॉलर आणि गटाने ठरवा म्हणून. भाची चिडलीय. तिला पार्कच हवाय. "तुमच्या वेळी धरण बघायला नेलं म्हणून मलाही धरण का?"

भटकभवानी
भाचीला माझा पाठिंबा

म्युनिकरिटर्न
माझाही. पण पतंग न्या म्हणावं.

आळसावलेला
येवल्याचा मुलगा आता काय करतो?

शाईपेन
पुण्यात असतो. संक्रांतीला दरवर्षी घरी, बोटांना चिकटपट्ट्या लावलेला फोटो येतो. ते चिनी आजोबा निघताना त्याला दोर गुंडाळायची चकरी दाखवत होते, हा म्हणतो मॅडम त्यांना सांगा, आमच्याकडे आसारी असते, बांबूची.

कडीपत्ता
आसारी म्हणजे फिरकीच ना?

शाईपेन
येवल्यात जाऊन फिरकी म्हणू नका. पाणीही विचारणार नाहीत.