मदत हवी आहे: क्लॉड कोडमधून एन८एनचा लांबलेला वर्कफ्लो दोनदा सुरू होतोय
ऑफिसच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये एन८एन (कामांची साखळी, म्हणजे वर्कफ्लो, आपोआप चालवणारं टूल) आहे, पुढे प्रॉक्सी म्हणून एन्जिनएक्स. एमसीपी सर्व्हर ट्रिगर (एआयला एन८एनचे वर्कफ्लो टूल म्हणून वापरू देणारा नोड) लावून ते लॅपटॉपवरच्या क्लॉड कोड या एआय कोडिंग असिस्टंटला जोडलंय. टूल्सची यादी दिसते, छोटे वर्कफ्लो झटकन उत्तर देतात. घोडं अडतं ते टेस्ट डेटाबेस (पोस्टग्रेस) नव्याने भरणाऱ्या वर्कफ्लोपाशी. त्याला चार-पाच मिनिटं लागतात. एन८एनमध्ये तो नीट पूर्ण झालेला दिसतो, पण असिस्टंटपर्यंत उत्तर पोचत नाही. मग असिस्टंट तेच टूल पुन्हा बोलावतो आणि दोन रन एकाच टेबलात लिहायला लागतात. हे मला फार धोक्याचं वाटतं.

वर्कफ्लो ॲक्टिव्ह आहे, यूआरएल प्रॉडक्शनचाच, बेअरर टोकन चालतंय. प्रॉक्सी बफरिंग बंद केलं, रीड टाइमआउट मूळच्या ६० सेकंदांवरून १० मिनिटांवर नेला. फरक शून्य. क्लाउडचा पर्याय नको, डेटा ऑफिसबाहेर न्यायची परवानगी नाही.

आता विचार असा: एका टूलने सब-वर्कफ्लो पूर्ण व्हायची वाट न बघता फक्त सुरू करून लगेच रन क्रमांक द्यायचा, दुसऱ्याने स्थिती विचारायची. असं कोणी चालवलंय का? आणि पहिला रन चालू असताना दुसरा सुरूच होऊ नये म्हणून लॉक कुठे लावता, एन८एनमध्ये की थेट पोस्टग्रेसच्या ॲडव्हायझरी लॉकने (ॲपने स्वतः मागून घ्यायचा डेटाबेसमधला लॉक)?