युद्धपट आणि 'अहो, असं नव्हतं!' – तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता, ठाणे
परवा तलावपाळीवर आमच्या ग्रुपात जुंपली. एकाचं म्हणणं, सिनेमात टाळ्या वाजवा, इतिहास हवा असेल तर मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. दुसरा म्हणाला, तिथे जातंय कोण? म्हणून विचारतोय, जुन्या युद्धपटांतलं खोटं तुम्हाला कधी खुपलं, कधी चाललं? परीक्षणं नकोत, आपापला अनुभव लिहा.

सुरुवात मीच करतो. 'बॉर्डर' (1997) आला तेव्हा कॉलेजात होतो. शेवटी एकेक जण पडत जातो आणि आमची अख्खी रांग रडत होती. पुढे वाचनात आलं, की 4-5 डिसेंबर 1971 च्या त्या लोंगेवालाच्या लढाईत आपले दोनच जवान गेले. मेजर चांदपुरींची कंपनी जेमतेम 120 जणांची, समोर रणगाडे, आणि दोन! मला ही खरी गोष्टच जास्त थरारक वाटते. सुनील शेट्टीने रंगवलेले भैरोंसिंग राठोड तर डिसेंबर 2022 पर्यंत हयात होते. जित्याजागत्या माणसाला हुतात्मा करून टाकलं. हे मला नाही चालत.

ऐरोलीकर
माझे साडू हवाई दलात ग्राउंड स्टाफला होते. त्यांचा राग वेगळा. रणगाड्यांचा खरा निकाल लावला जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी. हंटरला रात्री लढायची सोय नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत थांबावं लागलं. सिनेमात विमानं आहेत, नाही असं नाही. पण साडू म्हणायचे, "आमच्या वाट्याला शेवटचं रीळ."

नेरूळची लेक
'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (1957) बाबांचा लाडका. त्यातली शिट्टी ते दाढी करतानाही वाजवायचे. थायलंडला गेलो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून कांचनाबुरी गाठलं. पूल लोखंडी, आणि वरून आजही रेल्वे जाते! सिनेमातला लाकडी पूल श्रीलंकेत बांधून उडवलेला. खरा पूल 1945 मध्ये विमानांनी बॉम्ब टाकून तोडला. मधले दोन सरळ कडांचे गाळे नंतर बसवलेत, ते लगेच ओळखू येतात. नदी मूळची मे क्लोंग. सिनेमा बघून लोक 'क्वाय' शोधत यायला लागले, तेव्हा सरकारने नदीच्या त्या भागाचं नावच बदललं.

इथपर्यंत मजा वाटली. मग तिथली युद्धकैद्यांची दफनभूमी पाहिली. पडद्यावरचा कैदेतला ब्रिटिश कर्नल शत्रूला, म्हणजे जपान्यांना, उत्तम पूल बांधून देण्यात धन्यता मानतो. खरे अधिकारी फिलिप टूसी. त्यांची माणसं वाळवी गोळा करून लाकडात सोडायची, काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवायची. या रेल्वेमार्गावर 12,000 हून जास्त दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी मेले, आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर. मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ कामगारही त्यांत होते. सिनेमात ते जवळजवळ नाहीतच. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. "बरं," म्हणाले. शिट्टी काही बंद झाली नाही.

कळवेकर
अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म गेला, त्यामुळे नजर थेट लोखंडावर. 'बॅटल ऑफ द बल्ज' (1965) बघा. डिसेंबर 1944 ची बर्फातली लढाई, आणि शेवट स्पेनच्या रखरखीत माळावर. जर्मन टायगर रणगाडे म्हणून अमेरिकन एम-47! आम्ही लोकलमध्ये याची यथेच्छ टर उडवायचो. पण खरं सांगू? चालतं. एवढे टायगर आणायचे कुठून? रणगाडा चुकला म्हणून कुणाची अब्रू जात नाही.

वाशीच्या बाई
कळवेकर, अब्रूचा मुद्दा अगदी पटला. 'झुलू' (1964) मध्ये हेन्री हुक दारुडा आणि कामचुकार दाखवलाय. दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या 1879 च्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळवणारा हा माणूस प्रत्यक्षात दारूला शिवत नसे.

पण मी इतिहास शिकवते, म्हणून थोडं उलटंही बोलते. 'द ग्रेट एस्केप' (1963) बघितलेल्या मुलांना मोटरसायकलची उडी तेवढी आठवते. ती घडलीच नव्हती. मी फळ्यावर लिहिते: जर्मन कैदी छावणीतून 76 बाहेर पडले, 3 कायमचे सुटले, 50 जणांना पकडून गोळ्या घातल्या. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ती उडी नसती तर हे प्रश्न आलेच नसते. कपोलकल्पित उडीला मी माफ केलंय, हुकच्या बदनामीला नाही.

नौपाड्याची आजी (नातू टाइप करतोय)
71 साली आमच्याकडे खिडक्यांच्या काचांना काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. भोंगा झाला की सासूबाई स्टोव्ह विझवायच्या, भात अर्धाकच्चा राहायचा. युद्धपटात हे कुणी दाखवत नाही, दाखवलं तर तिकीट कोण काढेल म्हणा! मला 'हकीकत' (1964) आवडला. 62 साली मार खाल्ला, तो त्यांनी झाकला नाही, आणि कॅमेरा घेऊन खरोखरच्या लडाखात गेले. यजमानांचं मात्र मत होतं, गाणी जरा जास्तच झाली.