रेखाचित्र की रेखाटन?

प्रश्न : अलाबामातल्या माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर लिहितेय. हार्वी डिनरस्टीन आणि बर्टन सिल्व्हरमन हे न्यूयॉर्कचे दोन तरुण चित्रकार मार्च १९५६ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंगवर खटला चालू होता तेव्हा मुद्दाम तिकडे गेले आणि कोर्टातली, चर्चमधली, पायी कामाला निघालेली साधी माणसं काढत राहिले. त्या ड्रॉइंग्जना मी 'रेखाचित्रं' लिहिलं, मैत्रीण म्हणते 'रेखाटनं' कर. खरंच फरक आहे?

– आहे ताई. बोलताना सगळेच मिसळतात, पण रेखाचित्र घरी टेबलाशी बसून, फोटो बघूनसुद्धा होतं, दिवाळी अंकात कथेशेजारी असतं ना तसं. रेखाटन आलंय 'रेखाटणे'वरून, त्यामुळे काढणाऱ्याचा हात त्यात चालू असतो, बाही अर्धी राहिली, पाय काढायचे राहिले तरी चालतं, कारण समोरचा माणूस उठून गेलेला असतो.

– मी शाळेत चित्रकला शिकवतो, आमच्या सरकारी परीक्षेच्या नावात 'रेखाकला' आहे पण मुलांना 'स्केच'च कळतं. तरी इथे रेखाटनच हवं. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला मिसिसिपीतल्या समनरला चालला, कामकाज चालू असताना कॅमेऱ्याला बंदी (एक फोटो चोरून निघालाच म्हणा), तिथे फ्रँकलिन मॅकमहन 'लाइफ' मासिकासाठी स्केचेस करत होता. मोझ राइट, त्या पोराच्या आईच्या मावशीचा नवरा, भर कोर्टात उभा राहून गोऱ्या आरोपीकडे बोट दाखवतो तो क्षण त्याने कागदावर घेतला. आपल्या 'साक्षी' शब्दात अक्षि, म्हणजे डोळा आहे, ते मला हे चित्र बघून पहिल्यांदा नीट कळलं.

– मला 'बस बहिष्कार' जास्त खटकतोय. आपल्याकडे बहिष्कार गावाने माणसावर टाकलेला, वाळीत टाकणं तेच, बाबासाहेबांच्या १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'मधला बहिष्कृत म्हणजे ज्याला बाहेर ठेवलंय तो. माँटगोमेरीत ज्यांना मागच्या सीटवर ढकललं होतं त्यांनीच बहिष्कार टाकला, ३८१ दिवस. कोणी कोणावर टाकला हे पहिल्याच वाक्यात येऊ दे.

– पटलं. रेखाटनं करते. आणि सुरुवात अशी : माँटगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार टाकला होता, तेव्हा दोन चित्रकार वह्या घेऊन त्यांच्यात जाऊन बसले.