एंटर द मॅट्रिक्स : कुणाकुणाला आठवतोय?

निळीगोळी
वरच्या फ्लॅटमधून पाणी झिरपतंय म्हणून काल स्वयंपाकघराचा माळा रिकामा केला. आजीचा पाट, घंगाळ, दोन मेलेले टेबलफॅन, आणि बुटांच्या खोक्यात सीड्या. त्यांवर दादाच्या अक्षरात मार्करने लिहिलेलं: 'मॅट्रिक्स गेम १', 'मॅट्रिक्स गेम २', 'मॅट्रिक्स गेम ४'. तिसरी नाही. मी शिडीच्या वरच्या पायरीवरच बसून राहिलो आणि खालून बायको विचारतेय, चक्कर आली का.

२००३ चा मे महिना. 'मॅट्रिक्स' सिनेमाचा दुसरा भाग आणि त्यावरचा हा गेम एकाच वेळी आले. सुट्टीत आम्हाला एकच उद्योग, काळे गॉगल लावून जिन्यात एकमेकांच्या गोळ्या चुकवायच्या. गेम हाती आला तेव्हा वाटलं, आता खरोखरचा निओ, म्हणजे सिनेमाचा नायक, होणार. सुरू केला तर निओ घेताच येत नाही! निओबी घ्या नाहीतर घोस्ट. सिनेमात मधूनच डोकावून जाणारी दोघं. घोस्ट तर मला सिनेमात बघितल्याचंही आठवत नव्हतं.

दादा कायम निओबी घ्यायचा. कारण काय, तर निओबी घेतली की गाडी आपण चालवायची. घोस्ट घेतला की गाडी ती चालवणार आणि आपण खिडकीतून वाकून मागच्यांवर गोळ्या झाडायच्या. घरच्या स्प्लेंडरवरही हीच वाटणी होती, तो पुढे मी मागे, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटलं नाही.

मग एक दिवस तिसरी सीडी गेली. मी म्हणालो तू कुणाला तरी दिलीस, तो म्हणाला तू हरवलीस. आठवडाभर अबोला. हल्ली दादाशी बोलणं होतं ते सणावारी आणि सातबाऱ्याच्या कामापुरतं.

तुम्ही खेळला होतात का? लिहा. हाच गेम पाहिजे असं नाही, सिनेमावरून निघालेला कुठलाही चालेल.

चहाबाज
पहिला! चहा घेऊन येतो, मग वाचतो.

जाईजुई
अगंबाई, याची सुरुवातच पोस्टात होते ना! पोस्टातल्या एका पेटीतलं पार्सल आणायचं असतं. ते पार्सल आधीच्या एका छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्ममधली ओसायरिस जहाजाची मंडळी मरायच्या आधी टाकून गेलेली असतात. माझा भाऊ खेळायचा आणि आमचे बाबा पोस्टात नोकरीला. एकदा ते ऑफिसातून आले, डबा ठेवला आणि मागे उभे राहून बघायला लागले. ती निओबी काउंटरवरून उडी मारून आत गेली, गार्डला भिंतीवर आपटलं. बाबा शांतपणे म्हणाले, "काउंटरच्या आत पब्लिकला परवानगी नाही." भाऊ म्हणाला, बाबा गेम आहे. "असू दे. आणि पार्सल नेताना सही कुठे केली तिने?"

त्यानंतर रोज संध्याकाळी विचारायचे, तुमचं ते पार्सल मिळालं का. भावाला ती लेव्हल पार करायला बरेच दिवस लागले, म्हणजे रोजच विचारलं. कुकर झालाय, बाकीचं नंतर.

सांगलीकर_बाब्या
ते सही वालं वाचून ठसका लागला ओ 😂😂 पप्पांना दंडवत

मोडेमवाला
मी २००२ ते २००७ सायबर कॅफे चालवला. आठ मशीन, तासाला वीस रुपये, उन्हाळ्यात दोन कूलर. हा गेम एकाच मशीनवर टाकला होता, कारण चार जीबीच्या वर जागा खायचा आणि हार्डडिस्क होती ४० ची. पोरं यायची, मॅट्रिक्स मॅट्रिक्स करत बसायची आणि मध्ये मध्ये चित्रफीत लागली की बोंबलायची, "काका, हे मिनिटं धरू नका, पिक्चर आम्ही टॉकीजला बघितलाय!" मी घसा फोडून सांगायचो की बाबांनो, हे पिक्चरमधलं नाही. सिनेमाच्या दिग्दर्शक वाचोव्स्की भावंडांनी गेमसाठी म्हणून वेगळं शूटिंग केलंय, तेच नट, तेच कपडे, जवळजवळ तासाभराचा ऐवज आहे. सिनेमात जिथे निओबी पडद्याआड जाते तिथे ती कुठे गेली ते इथे दिसतं. ऐकतंय कोण. तासाभराने उठून सगळे व्हाइस सिटी या दुसऱ्या गेमवर.

सांगलीकर_बाब्या
व्हाइस सिटी!!! काका तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. आमच्याकडं एकाच पोराला सगळे चीट कोड पाठ, त्याला कॅफेत फुकट बसवायचे. बीजगणितात तीनदा नापास झाला, पण रणगाडा आणायचा कोड झोपेत टाकायचा. आता त्याचं ट्रॅक्टरचं शोरूम हाय.

चहाबाज
म्हणजे रणगाड्यापासून फार लांब गेला नाही.

अक्कलकाढा
धागा छान. पण थोडं खरं बोलू का? गेम मध्यमच होता. वेळ संथ करायची करामत 'मॅक्स पेन' या गेमने २००१ मध्येच दाखवली होती. म्हणजे ज्यांच्या सिनेमाने ती करामत गाजवली, तेच गेममध्ये दोन वर्षं उशिरा पोचले. इथे त्याला फोकस म्हणायचे. पट्टी संपेपर्यंत सगळं जग संथ, आपण भिंतीवरून पळायचं, संपली की धप्पकन खाली. हाणामारी मात्र मजेशीर होती, हे कबूल. पण गाडीचा भाग? रस्ता कोरा, इमारती पुठ्ठ्याच्या. हा गेम बनवणारी शायनी एंटरटेनमेंट म्हणजे 'अर्थवर्म जिम' हा गेम करणारी मंडळी, त्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती. सिनेमाच्या तारखेला गेम काढायचा हट्ट धरला की असंच होणार. आंबा आढीत नीट पिकू द्यावा लागतो.

मोडेमवाला
अक्कलकाढा, मध्यम असेलही, पण खपला दाबून. जगभरात लाखांनी गेला.

अक्कलकाढा
खपण्याचं काय, खपतो वडापावही.

चहाबाज
वडापावला नावं ठेवायची नाहीत. निषेध.

सांगलीकर_बाब्या
निषेध +१

वैदर्भी
तुमी लोकं हॅकिंगचं कसं काय विसरले बे? मेनूमधून आत गेलं का काळी स्क्रीन, हिरवे अक्षरं, आन् आपण कमांड टाकाच्या. हुबेहूब डॉस. मी तेव्हा एमएससीआयटीच्या क्लासले जाऊन रायली होती, गावातून एसटीने, अर्धा तास. तिथं माउस धरा, पेंटमंधी घर काढा, एवढंच. आन् घरी येऊन भावाच्या कॉम्प्युटरवर हे! डीआयआर टाकलं का फायलींची यादी यायची. त्यातूनच पुढं लपवलेल्या तलवारी, बंदुका, व्हिडिओ सगळं सापडे. भावाले जमे नाही, तो मले हाक मारे, "ताई, ये न, कमांड टाकून दे." तो मारामारी करे आन् मी हॅकर. आईले वाटे पोरगी क्लासचा अभ्यास करून रायली. दुधाचा पेला आणून दे टेबलावर. मी बी गंभीर चेहरा करून पिऊन टाको.

आज मी सर्व्हर सांभाळाच्या नोकरीत आहो. दिवसभर काळी स्क्रीनच पायतो. दूध मात्र कोनी देत नाही.

जाईजुई
वैदर्भी, शेवटचं वाक्य 🥹

आईसाहेब
मला गेममधलं काही कळत नाही, सुनेने धागा दाखवला म्हणून लिहिते. आमचे चिरंजीव बारावीत होते. परीक्षा झालेली, सीईटीचा निकाल बाकी. मी बेसनाचे लाडू घेऊन खोलीत गेले तर पडद्यावर एक देखणी बाई, तंग कपडे, आणि सरळ मुकाच घ्यायला लागली समोरचीचा. समोर पण बाईच! मी दारातच. चिरंजीव पाठमोरे. मला बघून म्हणतात कसे, "आई, हे करावंच लागतं, नाहीतर ती पुढची माहिती देत नाही."

मी लाडू ठेवले आणि बाहेर येऊन ह्यांना सांगितलं, मुलगा कसला गेम खेळतोय बघा. हे उठून गेले ते तासभर बाहेरच आले नाहीत. बघितलं तर दोघं मिळून खेळतायत आणि डबा रिकामा.

चहाबाज
😂😂😂 काकू, ती नटी मोनिका बेलूची, गेममधली पर्सेफनी. काकांची काही चूक नाही.

निळीगोळी
काकू, चिरंजीव खोटं बोलत नव्हते हो, पर्सेफनी खरंच मुक्याशिवाय काही सांगत नाही. घोस्ट घेतला तर घोस्टचा घेते. आमच्याकडे तो प्रसंग आला की दादा मॉनिटरच बंद करायचा आणि आवाजावरून अंदाज घ्यायचा.

परदेशीपाखरू
मी याच्यानंतरचा, 'मॅट्रिक्स ऑनलाइन', खेळायचो. २००५ ला निघाला. तेव्हा अमेरिकेत शिकायला आलो होतो, ओळखीचं कुणी नाही, बाहेर बर्फ. त्यात हजारो लोक एकाच शहरात, सगळे काळे कोट घालून उभे. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी एकच शेरवानी भाड्याने आणल्यासारखे. गंमत अशी की गोष्ट सिनेमाच्या पुढची होती आणि अधिकृत होती. निओचा गुरू मॉर्फियस त्यातच मारला गेला, सिनेमात नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात.

३१ जुलै २००९ ला कायमचा बंद केला. शेवटच्या रात्री सगळे जमले होते. सगळी पात्रं चिरडून शेवट करायचं ठरलं होतं, पण माझं नेट इतकं रखडलं की मी काही मेलोच नाही. एक पाय उचललेला, तसाच गोठलो आणि स्क्रीन गेली. एका आंध्राच्या मुलाशी मैत्री झाली होती तिथे, दोन वर्षं रोज बोलायचो. खरं नाव कधी विचारलं नाही, त्यानेही नाही. असो. इथे आता रात्रीचा एक वाजलाय, उद्या मुलीला पोहायला न्यायचंय.

अक्कलकाढा
हे मस्त लिहिलंत. टीका मागे घेतो. पुठ्ठ्याच्या इमारती सोडून.

घाटमाथा
माझी एकच फुशारकी. भविष्य सांगणारी ओरॅकल आठवते? पहिल्या दोन सिनेमांत ग्लोरिया फॉस्टर होत्या. त्या २००१ मध्येच वारल्या, दुसऱ्या भागातलं काम आधी झालं होतं म्हणून त्यात दिसतात. तिसऱ्या भागात मेरी अ‍ॅलिस आल्या. तो सिनेमा नोव्हेंबरमध्ये, आणि गेम मे महिन्यात, त्यात नवी ओरॅकल आधीच येऊन आपलं रूप का बदललं ते सांगून गेली होती. टॉकीजमध्ये सगळे कुजबुजायला लागले, ही कोण, ही कोण. मी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "मला सहा महिन्यांपासून माहितीये." मागच्या माणसाने पॉपकॉर्न मारला. आयुष्यात एवढं मोठं गुपित मला परत कधी आधी कळलेलं नाही. पगारवाढसुद्धा शेजारच्या टेबलाला आधी कळते.

सांगलीकर_बाब्या
निओ घेऊन खेळायचा गेम पण आला की नंतर, पाथ ऑफ निओ, २००५ ला. शेवट बघितला का कुणी? व्हिलन स्मिथच्या सगळ्या कॉप्या एकत्र येऊन डोंगराएवढा एकच स्मिथ, वर गॉगल पण!! मी भावाला म्हटलं हे सीडीवाल्यानं काहीतरी भलतंच घातलंय. नंतर कळलं वाचोव्स्कींनीच केलंय, गेममध्ये स्वतः येऊन सांगतात पण, की सिनेमातला शेवट गेमला चालणार नाही म्हणून

जाईजुई
परत आले. सीडीवरून आठवलं, सीडी अडकली की आम्ही तिला कोलगेट लावून घासायचो. कधी चालायची, कधी कायमची जायची. खोलीभर पुदिन्याचा वास.

मोडेमवाला
मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायची असते ताई, गोल गोल नाही. गोल घासली की संपली. आणि @निळीगोळी, ते पाणी झिरपतंय म्हणालात. वरच्यांच्या न्हाणीचा ट्रॅप गळत असेल. नुसता रंग मारून घेऊ नका, पावसाळ्यात परत येणार. वरून फरशी काढून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय सुटका नाही. आणि सोसायटीला आधी लेखी पत्र द्या.

चहाबाज
मोडेमवाले काका ऑलराउंडर आहेत.

निळीगोळी
काका, पत्र दिलं. वरचे म्हणतात गळती आमची नाहीच, पाईप सोसायटीचा. चालूच आहे.

बरं, ऐका. काल रात्री त्या तीन सीड्यांचा फोटो दादाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. सकाळी साडेसहाला त्याचं उत्तर:

"तिसरी मी टूथपेस्टने घासून मारली. गोल गोल. मग शाळेमागच्या विहिरीत टाकली. तुला सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस."

मी लिहिलं, सांगितलं असतंच. मग त्याने विचारलं, मुलं कुठल्या मशीनवर खेळतात, यावर जुना गेम चालेल का. आमच्याकडे सीडी घालायला खाचच नाही कुठल्या मशीनला. तो म्हणतोय त्याच्या ऑफिसच्या कपाटात बाहेरून जोडायचा ड्राइव्ह पडलाय, शनिवारी घेऊन येतो.

जाईजुई
विहिरीत!! 😂

घाटमाथा
पण तिसरीशिवाय इन्स्टॉल कसा करणार?

निळीगोळी
होणार नाही. त्यालाही माहितीये.

वैदर्भी
येऊ द्या न भाऊ त्याले तरी.

आईसाहेब
शनिवारी पाहुणे येणार तर आधी ते गळतं थांबवा. आमच्याकडे असंच झालं होतं, पाईप पाईप म्हणत सगळे भांडले आणि शेवटी वरच्या टाकीचा बॉलकॉक निघाला.

निळीगोळी
बघायला सांगतो काकू. प्लंबर आत्ता दारात उभा आहे.