मदत हवी आहे: म्हापशाहून (गोवा) जाण्याजोगी, कायम दुपार-संध्याकाळची नोकरी
नमस्कार मंडळी. दुपारी २ ते १० किंवा ३ ते ११ अशी सलग पाळी हवी, आठवड्याला ४८ तास, पीएफ-ईएसआयसह. हॉटेलवाले ‘दुपारची ड्युटी’ म्हणतात आणि हातात ठेवतात ब्रेक शिफ्ट: ११ ते ३, मग ७ ते ११. मधले चार तास धड घरचे ना कामाचे, ती नकोच. फ्रंट ऑफिसची ३ ते ११ चालेल. बारावी आणि टॅली झालंय. वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळी सहसा आठवड्याने फिरते. कायम दुसरी, म्हणजे दुपार-संध्याकाळचीच पाळी देणारं कोणी आहे? कंपनीची बस म्हापशापर्यंत सोडते का, तेही लिहा. रात्री ११ नंतर कदंबा (सरकारी बस) मिळणं कठीण. पावसाळ्यात माणसं कमी करणाऱ्या किनाऱ्यावरच्या जागा कृपया सुचवू नका.